चुंबकी नॅनोकणांवर पेपर कसा पाडावा : हिंगणी पंचक्रोशीतील होतकरूंसाठी

ही मार्गदर्शिका हिंगणीत राहून सेलू, वर्धा किंवा नागपूरला अप-डाउन करणाऱ्या, रसायन किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि बढतीची फाइल 'त्रुटी पूर्ण करून सादर करावी' असा शेरा घेऊन परत आलेल्या सर-मॅडमांसाठी आहे. त्रुटी कोणती, ते आम्हाला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय पेपर नाही.

तुमची समजूत असेल की शरीरात जाऊन कर्करोग दाखवणारे नॅनोकण बॉस्टन-झुरिकला होतात, बोर धरणाच्या रस्त्यावर फार तर पर्यटकांच्या जिप्स्या होतात. समजूत सोडा. या विषयात उतरायला गंजाच्या भावकीतलं एक काळं चूर्ण लागतं, बाटलीभर अमोनिया लागतो आणि संकोच कमी लागतो. बाकी सगळं पायरी-पायरीने सांगतो.

आधी विषय दोन मिनिटांत समजून घ्या, कारण मुलाखतीत कोणी विचारलंच तर पंचाईत नको. लोहाच्या ऑक्साइडचा दहा-वीस नॅनोमीटरचा कण घ्यायचा, त्याला साखरेच्या जातीचा लेप द्यायचा आणि शिरेतून सोडायचा. यकृतातल्या भक्षक पेशी हे कण गिळतात. एमआरआयच्या चित्रात कण बसले तिथे काळं दिसतं. निरोगी यकृत काळवंडतं, पण गाठीत त्या भक्षक पेशी नसल्याने गाठ उजळच राहते आणि सापडते. दुसरा उपयोग पेशींना खूण करण्याचा. प्रयोगशाळेत पेशींच्या पोटात हे कण भरायचे, पेशी रुग्णाला टोचायच्या आणि त्या कुठे गेल्या हे बाहेरून बघायचं. यात थाप काही नाही. सगळं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच त्याच्या आडोशाला इतके पेपर बसू शकतात.

पायरी १. आधी शेवट लिहून ठेवा

प्रयोग नंतर. आधी शेवटचं वाक्य लिहा: 'सदर नॅनोकण एमआरआय, औषधवहन आणि कर्करोगावरील उष्णतोपचार यांसाठी संभाव्य उमेदवार ठरू शकतात.' हे वाक्य कोणत्याही निकालाला चालतं. निकाल नसला तरी चालतं. असला उमेदवार आयुष्यभर संभाव्य राहिला तरी अनामत जप्त होत नाही.

पायरी २. कण पाडा

फेरिक क्लोराइड दोन मोल, फेरस क्लोराइड एक मोल, या प्रमाणात मोजा. पाण्यात विरघळवा. ७०-८० अंशांपर्यंत तापवा. अमोनिया थेंब थेंब सोडा. तांबूस-पिवळं द्रावण बघता बघता काळंशार होतं. अभिनंदन, तुम्ही मॅग्नेटाइट केलंत. १९८१ साली फ्रान्समध्ये रेने मासार यांनी जवळपास हीच रीत छापली आणि तेव्हापासून ती जगभर चालू आहे. बीएस्सीच्या पोरांकडून करवून घेता येईल इतकी सोपी आहे, आणि करवून घेतली जातेच.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५च्या पुढे जातो. तेव्हा अमोनियाची बाटली उघडताना तोंड बाजूला ठेवा आणि झाकण एकदम फिरवू नका. उन्हाने आत दाब साठलेला असतो. एवढी सूचना प्रामाणिक आहे.

आता अडचण. द्रावणातून नायट्रोजन वायू सोडत राहावं लागतं, नाही तर हवेतला ऑक्सिजन मॅग्नेटाइटचं मॅग्हेमाइट करतो आणि काळ्याचं तपकिरी होऊ लागतं. नायट्रोजनचा सिलिंडर म्हणजे तीन कोटेशन, खरेदी समितीची बैठक आणि 'पुढील आर्थिक वर्षात पाहू'. यावर तज्ज्ञांचा उपाय असा की शीर्षकात 'मॅग्नेटाइट' लिहूच नये, 'आयर्न ऑक्साइड' लिहावं. दोन्ही त्यात मावतात. क्ष-किरणांच्या आलेखात दोघांच्या रेषा जवळपास एकाच जागी येतात, त्यामुळे भांडायलाही कोणी येत नाही.

पायरी ३. ढवळताना सांभाळा

प्रयोगशाळेत चुंबकी ढवळणी असेल तर तिला हात लावू नका. नवशिका इथेच फसतो. बीकरच्या तळाशी फिरणारी ती टेफ्लॉनची पांढरी गोळी मुळात चुंबक असते. अर्ध्या तासाने तिला चिमट्याने बाहेर काढा. दोन्ही टोकांना काळी लव उगवलेली दिसेल. ती लव म्हणजे तुमचं निम्मं उत्पादन. कागदाने पुसा, कागद काळा होईल. बोटाने निपटा, बोट काळं होईल. गोळी काळीच राहील, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच प्रयोगात तुमचे कण त्याच्या बीकरमध्ये सोडील. वरून काडी सोडून मोटरने ढवळा.

धुवायला मात्र चुंबकच हवं. मोडक्या स्पीकरचं चुंबक बीकरखाली धरा, काळं सगळं खाली बसतं, वरचं पाणी ओतून टाका. चार-पाच वेळा करा. तेच चुंबक जपून ठेवा. महाविद्यालयाला दर्जा देणारी नॅकची समिती येईल तेव्हा एका काचेच्या बाटलीत काळं पाणी भरून टेबलावर ठेवायचं आणि बाहेरून चुंबक फिरवायचं. काळं पाणी काचेवर चढतं, चुंबकामागे धावतं. समितीतले वाणिज्य शाखेचे सदस्यही पुढे वाकून बघतात. 'हे शरीरात सोडतात का?' असं ते विचारतील. 'हो,' म्हणा. कोणाच्या शरीरात, हे ते विचारत नाहीत, कारण तोवर चहा आलेला असतो.

पायरी ४. आकार ठरवा

आकार मोजू नका, ठरवा. तो १० ते १२ नॅनोमीटर असतो. क्ष-किरणांच्या आलेखातला सगळ्यात उंच डोंगर घ्या, त्याची रुंदी शेरर यांच्या सूत्रात घाला. सूत्र १९१८चं आहे, अजून कोणाला नाही म्हणालेलं नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र लागेलच. पवईच्या आयआयटीत 'सैफ' म्हणून सामायिक उपकरणांची सोय आहे. नाव नोंदवा, पैसे भरा, नमुना पाठवा आणि थांबा. चित्रं येतील त्यात बहुतेक ठिकाणी कण एकमेकांच्या अंगावर पडलेले असतील. चुंबकाची पोरं ती, वेगळी राहतील कशी? एखाद्या कोपऱ्यात सात-आठ कण सुटे दिसले की तेवढाच चौकोन कापा. पेपरमध्ये त्याला 'प्रातिनिधिक चित्र' म्हणतात.

पाण्यातला आकार मोजणारं दुसरं यंत्र आहे. ते दीड-दोनशे नॅनोमीटर सांगेल, कारण पाण्यात कण घोळक्यानेच फिरतात आणि शिरेतही तसेच फिरतील. हा आकडा पुरवणी माहितीत टाका. पुरवणी माहिती ही विज्ञानाची माळ्यावरची जागा आहे.

एक शब्द मात्र पाठ करा: सुपरपॅरामॅग्नेटिक. कण इतका लहान की चुंबक जवळ आणलं तर तो चुंबक होतो, आणि दूर नेलं की विसरतो. हा विसराळूपणा मोलाचा आहे, कारण शिरेत गेल्यावर कण एकमेकांना चिकटून बसले तर रक्तवाहिनी तुंबेल. ठोकळ्यातल्या मॅग्नेटाइटचं चुंबकन ग्रॅममागे ९२ एकक असतं, तुमचं ५५-६० येईल. घाबरू नका. कणाच्या पृष्ठभागावरच्या बेशिस्त अणूंना दोष द्या. ते उत्तर द्यायला येत नाहीत, आणि बऱ्याचदा दोष खरंच त्यांचा असतो.

पायरी ५. पान निवडा

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या दारात राहण्याचा फायदा इथे आहे. तुमचा कण जगातल्या हजारो कणांसारखाच आहे. संपादकाला नावीन्य हवं. नावीन्य झाडावर लागतं.

कोणतंही पान घ्या, उकळा, गाळा, त्या काढ्यात कण पाडा. याला हरित संश्लेषण म्हणतात. कडुनिंब, तुळस, शेवगा, कोरफड ही मंडळी केव्हाच आटोपली. तुमच्याकडे साग आहे, तेंदू आहे, मोह आहे, पळस आहे, धावडा आहे. आधी शोधून बघा, कारण विदर्भात तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि तेही झाडांकडे याच नजरेने बघून राहिले आहेत. पानासाठी कोअरमध्ये शिरू नका. वनरक्षकाला 'नॅनो' सांगून पटत नाही, आणि वाघाला पेपरची मुदत सांगून पटत नाही.

काढ्यातल्या नेमक्या कोणत्या पदार्थाने काय केलं? 'पॉलिफेनॉल्समुळे.' जुलैच्या पानात आणि फेब्रुवारीच्या पानात ते सारखेच असतात का? हा प्रश्न औषधाला परवानगी देणारे लोक विचारतात. त्यांना प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीसारखी हवी असते. तुम्ही त्यांच्याकडे जाणार नाही आहात, त्यामुळे पॉलिफेनॉल्सवर थांबा.

पायरी ६. पेशींची वाट बघा

पेशी हिंगणीत मिळत नाहीत. त्या पुण्याला राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून मागवतात. त्यांना ३७ अंशांची ऊब, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि न जाणारी वीज लागते. पहिल्या दोन गोष्टी जमतील.

म्हणून हे काम बाहेर करवून घ्या. पैसे भरले की खाजगी प्रयोगशाळा आठवड्यात निकाल देते, सोबत रंगीत आलेख, चुकांच्या दांड्यांसकट. पेशी बहुधा हेला असतील. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी आजवर जगभर वाढतायत. त्यांना मारणं भल्याभल्यांना जमलेलं नाही, तुमचे कण त्यांच्यापुढे काय? जगलेल्या पेशी एका पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. आता तुमचे कण स्वतःच काळे-तपकिरी. जांभळ्यात त्यांची भर पडली की मेलेल्याही हजेरीपटावर हजर लागतात. हे आलेखाच्या हिताचंच असल्यामुळे तक्रार करू नये. सत्तर टक्क्यांच्या वर जिवंत दिसल्या की 'जैवसुसंगत' लिहा. मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकातलीच आहे, तुमच्या मनची नाही.

पायरी ७. पेशीला खूण करा (म्हणजे केल्याचं लिहा)

ही पायरी अवघड आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात देखणी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

साखरेचा लेप दिलेले कण पेशी सहजी गिळत नाही. २००४च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या एका गटाने युक्ती केली. बाजारात आधीच असलेले फेरिडेक्स नावाचे लोहकण घेतले आणि त्यांना प्रोटामाइन जोडलं. प्रोटामाइन म्हणजे हृदयशस्त्रक्रियेनंतर हेपारिनचा असर उतरवायला देतात ते औषध, मूळचं साल्मन माशाच्या शुक्राणूंतलं. दोन्ही औषधं मंजूर, जोडी नवी. पेशींनी कण गिळले. मग काचपट्टीवर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल टाकायचं. जिथे लोह, तिथे निळं. पेशीच्या गुलाबी अंगात निळे ठिपके भरलेले दिसतात. एका पेशीत लोह किती, तर पिकोग्रॅममध्ये. ग्रॅमचा एकावर बारा शून्यं इतकावा भाग.

त्याच्या पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, नेदरलँड्सच्या नायमेगनमध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना असल्या खूण केलेल्या प्रतिकारपेशी टोचल्या. लसिकाग्रंथीत टोचायच्या होत्या, सोनोग्राफीवर बघत, सुई सरावाच्या हातात. नंतर एमआरआय केला तर आठांपैकी चौघांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच, शेजारी पडलेल्या होत्या. खूण नसती तर औषध लागू पडत नाही म्हणून उपचाराला दोष गेला असता. काळ्या चूर्णाने कमावलेला हा निकाल. तुम्ही तो प्रस्तावनेत अर्ध्या ओळीत उरका आणि पुढे आपल्या पानाकडे वळा.

आता या खुणेची खोड. तुम्हाला ती कोणाहीपेक्षा लवकर कळेल, कारण बोरमध्ये ती घडलेली आहे. २०१७ साली जुलैच्या अखेरीस ब्रह्मपुरीकडची एक वाघीण गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरमध्ये सोडली. ती इथे थांबली नाही. कित्येक गावांच्या शिवारांतून फिरत राहिली, माणसं गेली, ऑक्टोबरात शेताच्या वीज सोडलेल्या कुंपणाला लागून तीही गेली. कॉलरने ती कुठे आहे ते सांगितलं. ती जिवंत आहे की नाही, हे बघायला शेवटी माणसालाच जावं लागतं. पेशीची खूण कॉलरपेक्षाही वाईट. पेशी मेली की तिच्या पोटातलं लोह तिथेच पडतं. मग शरीरातली भक्षक पेशी येते, ते गिळते आणि तिथेच बसते. म्हणजे वाघीण मेल्यावर तिची कॉलर रानडुकराने घालायची, आणि सेलूच्या कार्यालयात संगणकावर बघणाऱ्याने म्हणायचं, 'वाघीण मजेत आहे, तिथेच बसून आहे.' हृदयात टोचलेल्या मूळपेशींच्या बाबतीत उंदरांवर नेमकं हेच झालं. पेशी मरून गेल्या होत्या, एमआरआयवर काळा डाग आठवड्यांनंतरही ठाम होता.

पेपरमध्ये या काळ्या डागाला 'पेशींचं दीर्घकालीन वास्तव्य' म्हणायचं.

पायरी ८. एमआरआयपर्यंत जाऊन या

एमआरआय सावंगीला आहे, सेवाग्रामला आहे. सेवाग्रामला जाणार असाल तर आठवण ठेवा, १९६९ साली सुरू झालेलं ते वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे अजून खादीचा नेम आहे. पॉलिस्टरमध्ये नॅनो घेऊन गेलात तर आधी कपड्यांकडे बघतील.

यंत्र रुग्णांचं आहे, ते रात्रीशिवाय मोकळं होत नाही. छोट्या नळ्यांत अगरची जेली भरा, तिच्यात तुमचे कण वाढत्या प्रमाणात मिसळा, नळ्या रांगेने लावा, यंत्रात सरकवा. डावीकडची नळी पांढरी, उजवीकडची काळी, मधल्या राखाडी. हे चित्र फार गोड दिसतं आणि ते छापलं की पेपर 'वैद्यकीय' होतो. जेलीला ताप येत नाही, पुरळ उठत नाही, ती संमतिपत्रावर सही मागत नाही.

एका गोष्टीवर विनोद करत नाही. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक, आणि ते रात्रीही चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट आत ओढला गेला आणि दगावला. खोलीत जाण्याआधी खिसे रिकामे करा आणि तिथला तंत्रज्ञ सांगेल ते ऐका.

पायरी ९. रुग्णापासून लांब राहा

जे रुग्णापर्यंत गेले त्यांचं काय झालं, ते वाचा आणि शहाणे व्हा.

फेरिडेक्सला १९९६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. २००८ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. रिझोविस्ट नावाचं तसलंच औषध युरोपात आलं आणि तिथल्या बाजारातून गेलं. लसिकाग्रंथींतला कर्करोग शोधणाऱ्या सिनेरेमचा तर २००३ मध्ये अमेरिकेच्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात गौरव झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ८० रुग्ण, आणि एरवी न दिसणाऱ्या गाठी दिसल्या. २००७ मध्ये कंपनीने युरोपातला परवानगीचा अर्ज मागे घेतला. कर्करोगाच्या गाठीत कण भरून बाहेरून तापवण्याचा उपचार जर्मनीच्या मॅगफोर्सने केला. मेंदूतल्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपची परवानगी, २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

कण वाईट होते म्हणून हे झालं, असं कोणी म्हणत नाही. कारणं साधी आहेत. डॉक्टरला उजळ दिसलेलं बघायला आवडतं. हे कण काळं दाखवतात, आणि एमआरआयच्या चित्रात हवा काळी, जुनं रक्त काळं, कणही काळे. गॅडोलिनियमची औषधं उजळ दाखवतात, यकृतासाठीही तसलं एक आलं आणि विकलं गेलं. बाजाराने निवाडा केला, विज्ञानाला कोणी विचारलं नाही.

आपल्याकडेही काही लोक चिकाटीने या कणांच्या नादी लागले. आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांचा गट, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातले रसायनशास्त्रज्ञ, कोल्हापूरला एस. एच. पवार यांचे विद्यार्थी. लेप, तापमान, कर्करोगाच्या पेशी यांत त्यांनी वर्षानुवर्षं घातली. असल्या उदाहरणांच्या फार जवळ जाऊ नये. त्यांचे जुने पेपर वाचायला बसलात तर आपण काय करतोय असा प्रश्न पडतो आणि बढतीची मुदत निघून जाते.

केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन काढलं, पाच वर्षांसाठी १,००० कोटी. त्यातले तुमच्यापर्यंत किती आले, हे तुमच्या प्रयोगशाळेतला पंखा बघून कोणीही सांगेल. तेव्हा दोष सगळा तुमचाच आहे असं ही मार्गदर्शिका मानत नाही.

पायरी १०. छापा

यूजीसीच्या २०१०च्या नियमांपासून प्राध्यापकाच्या बढतीत पेपरला गुण आहेत. गुण मोजता येतात, उपयोग मोजता येत नाही, म्हणून गुण मोजतात. पीएचडीआधी पेपर हवाच ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली. तुमच्या मार्गदर्शकाने काढलेली नाही. मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता चांगलं कोणतं आणि पैसे घेऊन छापणारं कोणतं हे तुमचं तुम्हीच ओळखायचं. खूण सांगतो. पेपर पाठवल्यावर दोन दिवसांत 'आदरणीय महोदय, आपलं मौल्यवान संशोधन' असं उत्तर आलं आणि खाली रक्कम डॉलरमध्ये असेल, तर तज्ज्ञांनी वाचून झालं असं समजा.

सहलेखक सढळ हाताने घ्या. प्राचार्य, विभागप्रमुख, पवईला नमुना घेऊन गेलेला पोरगा. पोरगा शेवटी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*'सर, हे पावडर कपाशीवर फवारता येते का?'* (पानठेल्यावर)

नाही. पण 'शेतीसाठी संभाव्य उपयोग' असा वेगळा पेपर होतो. विचारणाऱ्याला चहा पाजा.

*'माह्या आईले पोटात गाठ हाय म्हणते. तुमच्या नॅनोनं दिसन का?'* (शेजारी, फाटकाशी)

इथे पायरी १ मधलं वाक्य म्हणू नका. सावंगी किंवा सेवाग्रामचा कागद काढायला सांगा, सोबत जा. जुने रिपोर्ट पिशवीत भरून न्या.

*'एवढं करून एखादा कण माणसाच्या उपयोगी पडला का?'* (घरातून, ताट वाढताना)

पडला. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली ग्रंथी शोधायला असे कण टोचतात, अमेरिकेत २०१८ पासून परवानगी आहे. आणि फेरुमॉक्सिटॉल म्हणून एक आहे, तोही लेप दिलेला लोहकण, एमआरआयमध्ये चांगला दिसणारा. त्याला २००९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी. २०१५ मध्ये तीव्र ॲलर्जीच्या धोक्याचा ठळक इशारा लागला, तरी तो टिकला. पंधरा-वीस वर्षं चित्र काढायला निघालेल्या लोहकणांतला जो तगला, तो टॉनिक म्हणून तगला.

*'सर, आमच्या आयरन सुक्रोजमंदीबी नॅनोच असते म्हणते. खरं हाय का?'* (आशाताई, गरोदर बायांच्या यादीसकट)

खरं आहे, ताई. मध्ये लोहाचा काही नॅनोमीटरचा गाभा, वर साखरेचा लेप. चुंबकाला तो धावून येत नाही, त्यामुळे नॅकच्या समितीला दाखवण्याजोगा नाही. ॲनिमिया मुक्त भारतच्या २०१८च्या सूचनांत, गोळ्यांनी भागत नाही किंवा दिवस भरत आलेत अशा गरोदर बायांसाठी तो सांगितलेला आहे. गडद तपकिरी औषध, २०० मिलिग्रॅम लोह, १०० मिलिलिटर सलाइनमध्ये, सावकाश, देखरेखीखाली, एक दिवस आड. यादीतल्या बायांना तारखा द्या, आणि ॲम्प्यूल शिल्लक आहेत का, ते आजच विचारून ठेवा.